बिनमालकाचं पीक

अंगणातला निसर्ग असा विषय दिवाळी अंकासाठी निघाला, की डोळ्यांसमोर आधी तुळस येते. मग परसातला शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, कुंपणावरची गोकर्ण. पण अंगण जिथे संपतं आणि रस्ता अजून सुरू झालेला नसतो, त्या दोन-चार हातांच्या पट्टीत काय उगवलंय, याकडे फारसं कुणी बघत नाही. ती पट्टी घरमालकाची नसते, ग्रामपंचायत झाडत नाही, बांधकाम खातं तिच्याकडे फिरकत नाही. गावाचा खरा निसर्ग आज तिथेच दिसतो, आणि नगर जिल्ह्यात तो बहुतेक ठिकाणी एकाच वनस्पतीच्या रूपात दिसतो. पुस्तकात तिचं नाव गाजरगवत. गावात काँग्रेस गवत. पांढऱ्या बारीक फुलांमुळे कुठे कुठे चटकचांदणी.

बाजारतळ ते माळ

याच जिल्ह्यातलं घोडेगाव घ्या. ते नेवासे तालुक्यात, अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. शनिशिंगणापूरला जाणारी वाट इथूनच फुटते. गावाची ओळख मात्र जनावरांच्या बाजारामुळे, त्यातही म्हशींच्या, आणि अलीकडे कांद्याच्या लिलावामुळेही. बाजाराच्या दिवशी पिकअप आणि टेम्पो लागतात, फळीवरून जनावरं उतरतात, वैरणीच्या पेंढ्या सुटतात, दिवसभर शेण आणि चिपाडं पायदळी जातात. संध्याकाळी तळ रिकामा होतो. मधल्या भागात खुरांनी माती इतकी घट्ट झालेली असते, की तिथे काहीच उगवत नाही. कडेला, कुंपणाच्या बुडाशी आणि उकिरड्याभोवती पाऊस पडल्यावर गाजरगवताची कंबरेइतकी भिंत उभी राहते.

तिथून ओळीने पुढे बघत जावं. महामार्गाची साइडपट्टी, जिथे दरवर्षी मुरूम पडतो आणि खोदला जातो. घरासाठी पाडलेले, पण घर न बांधलेले प्लॉट. पाटाचा आणि चारीचा भराव. पाणंद रस्त्याच्या दोन्ही बाजू. शेताचा बांध, विशेषतः दोन भावांच्या वाटणीत अडकलेला. सगळीकडे तेच गवत. पण शेजारच्या उसात, एकदा पाचट मिटून सावली धरली की, ते फारसं टिकत नाही. दाट हरळीच्या गादीत त्याला शिरता येत नाही. जुन्या लिंबाखाली ते विरळ आणि किडकं असतं. ज्या परसात रोज झाडलोट होते, शेणसडा पडतो, तिथे एखादं रोप आलं तर चिमटीत धरून उपटलं जातं.

हा नकाशा नीट वाचला तर एक गोष्ट स्पष्ट होते, आणि या लेखात मला तेवढीच मांडायची आहे. आपण या गवताला आक्रमक म्हणतो, जणू ते चालून आलं आणि त्याने जमीन जिंकली. प्रत्यक्षात ते अशा जमिनीवर उभं आहे, जी आपण पुन्हा पुन्हा उकरतो, चारून नागवी करतो आणि मग कुणाचीच नाही म्हणून सोडून देतो. गवत परदेशातून आलं हे खरं; त्याच्यासाठी अंथरूण मात्र इथेच घातलं गेलं. हे मान्य केल्याशिवाय ते हटवण्याचा कोणताही उपाय फार काळ टिकणार नाही.

गव्हाची गोष्ट

काँग्रेस गवत अमेरिकेच्या गव्हातून आलं, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलालाही माहीत असते. पी.एल. ४८० कायद्याखाली धान्य आलं, त्याबरोबर बी आलं, सत्ता तेव्हा काँग्रेसची होती म्हणून नावही पडलं. फुलांचा पांढरा रंग टोपीसारखा म्हणून ते नाव पडलं, असंही काही जण सांगतात. गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे, पण तारखा तिला पुरती साथ देत नाहीत. पुण्यात ही वनस्पती प्राध्यापक परांजपे यांना १९५१ साली उकिरड्यावर दिसली होती. तिची शास्त्रीय नोंद १९५६ साली रोला राव यांनी केली, आणि पी.एल. ४८० खालचा भारताचा पहिला करारही त्याच वर्षीचा, ऑगस्टमधला. म्हणजे करारावर सह्या होण्याच्या पाच वर्षं आधी ती पुण्यात होती. त्याच्याही मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत अर्काट इथे गोळा केलेला तिचा नमुना आहे.

याचा अर्थ गव्हाच्या पोत्यांचा काही दोष नाही असा होत नाही. आयात धान्यातून बी आलं असण्याची दाट शक्यता आहे. इथिओपियातही १९८० च्या दशकातल्या दुष्काळात मदतीचं धान्य जिथे वाटलं, त्या केंद्रांच्या आसपास हे गवत दिसू लागलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या क्लेरमाँटजवळ ते १९६० च्या सुमारास टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून आलं. पण अर्काटचा नमुना एक प्रश्न विचारतो. बी जर दोनशे वर्षांपूर्वी देशात आलं होतं, तर ते तेव्हा का पसरलं नाही? स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत असं काय घडलं, की पुण्याच्या उकिरड्यावरचं एक रोपटं देशभर झालं? कोणत्या जहाजातून बी उतरलं याच्या वादात हा प्रश्न हरवतो, आणि घोडेगावच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच आहे. माझं उत्तर असं, की त्या काळात रस्ते, धरणं, कालवे, रेल्वे, वसाहती यांच्यासाठी या देशातली जमीन पूर्वी कधी नव्हती इतकी उलथली गेली, आणि त्या उलथलेल्या जमिनी रस्त्यांनी एकमेकींना जोडल्या गेल्या.

बी कसं फिरतं

या गवताची सगळी रीत घाईची आहे. मृगाचा पाऊस झाला की रोप जमिनीला चिकटून गाजरासारखी पानं पसरतं आणि शेजाऱ्याचं ऊन अडवतं. महिना-दीड महिन्यात फुलतं. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला दहा हजारांच्या वर, कधी पंचवीस हजारांपर्यंत बिया धरतात. त्या इतक्या हलक्या असतात, की चिखलाबरोबर टायरला चिकटतात, पाण्यावर तरंगतात, वैरणीच्या पेंढीत बसतात. पडलेलं बी ओल मिळाली की लगेच रुजतं, आणि मातीखाली गाडलं गेलं तर वर्षानुवर्षं वाट बघत राहतं. मुळांतून आणि कुजत्या पानांतून सुटणारी पार्थेनिनसारखी द्रव्यं आसपासच्या रोपांची वाढ दाबतात. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. वैरणीत चुकून गेलं तर दूध कडवट लागतं. म्हणजे गायरानात गुरं जेवढी जास्त, तेवढं चांगलं गवत खाल्लं जाऊन हे मात्र शिल्लक राहतं.

आता घोडेगावचा विचार करावा. जनावरांच्या बाजाराला अनेक तालुक्यांतून गाड्या येतात आणि अनेक तालुक्यांत परत जातात. जवळच सोनईला मुळा साखर कारखाना आहे, त्यामुळे हंगामात उसाची वाहनं, टोळ्या, त्यांचे बैल आणि वाढे यांची ये-जा असते. कांद्याची पोती येतात. रस्त्याच्या कामाचा मुरूम एका टेकडीवरून उचलून दहा मैलांवर पडतो, तलावातला गाळ शेतात जातो, शेणखताच्या ट्रॉल्या विकल्या जातात. यातलं कोणतंही काम वाईट नाही. याच कामांवर हा तालुका उभा आहे. पण बियांच्या बाजूने पाहिलं, तर असं गाव म्हणजे मोठं जंक्शन आहे. क्वीन्सलँडमध्ये गाजरगवताच्या पट्ट्यातून बाहेर पडणारी यंत्रं आणि वाहनं धुण्यासाठी सार्वजनिक जागा बांधल्या गेल्या. आपल्याकडे बाजारतळावर जनावरांना पिण्याचं पाणी मिळालं तरी पुष्कळ, अशी स्थिती असते. टेम्पोचा हौदा झाडून कचरा एका ठरलेल्या खड्ड्यात टाकला जावा, एवढी साधी सोयही बियांचा बराच प्रवास थांबवू शकेल.

पाण्याचा मुद्दा याहून मोठा आहे. नेवासे तालुका पर्जन्यछायेतला. एकट्या पावसावर इथल्या पडीत हे गवत चार-पाच महिने हिरवं राहिलं असतं आणि उन्हाळ्यात संपलं असतं. बारागाव नांदूरच्या मुळा धरणाचा उजवा कालवा या तालुक्यातून गेला, आणि पाटाच्या, चाऱ्यांच्या, विहिरीच्या पाझराच्या कडेला बारमाही ओल आली. उसाला, कांद्याला, घासाला पाणी मिळालं, तसंच बांधालाही मिळालं. आता या गवताच्या वर्षाला तीन-चार पिढ्या निघू शकतात. शेतकरी पाण्याची पाळी मोजून घेतो. ही ओल मात्र कुणी मोजत नाही.

परकं कुणाला म्हणायचं

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. परकं परकं म्हणून कशाला ओरडायचं? घोडेगावच्या ठेच्यातली मिरची अमेरिकेची. शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो, पपई, पेरू, सगळं तिकडचं. ज्या सीताफळाला आपण सीतेचं नाव दिलं, तेही तिकडचंच. जखमेवर ज्याचा पाला चुरगळून लावतात ती एकदांडी अमेरिकेची, आणि माळावरचा पिवळा धोत्रा मेक्सिकोचा. भाषेने काहींच्या नावात विलायतीपणाची खूण ठेवली, विलायती चिंच, विलायती बाभूळ. काहींच्या बाबतीत ती केव्हाच पुसली गेली. मग गाजरगवताला वेगळा न्याय का?

आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच वनस्पतीचं मूळगाव हा या प्रकरणातला गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. मिरची माणसाच्या हाताखाली राहिली. वाफा सोडून ती माळावर गेली नाही. एकदांडी माळावर गेली, पण इतर गवतांच्या मधे जागा शोधून राहिली. फरक वागणुकीत आहे. जी वनस्पती आपल्याभोवती दुसऱ्या कुणाला राहू देत नाही, गुरांचा चारा खुंटवते, खुरपणाऱ्या बाईच्या हाताला खाज आणि चट्टे देते, तिच्याबद्दल तक्रार करायला तिचा पासपोर्ट बघावा लागत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद १९७४ सालीच प्रसिद्ध केली होती. तो रोग सर्वांत आधी होतो तो रोजंदारीवर खुरपणीला जाणाऱ्यांना, आणि त्यांच्यापैकी बहुतेक बायका असतात.

आक्षेपाचा दुसरा भाग असा, की वनस्पती आणि प्राणी नेहमीच फिरत आले आहेत, वाऱ्याने, पक्ष्यांनी, पुराने. खरं आहे. पण वेग बघावा. अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. मुरघासासाठी मका करणाऱ्या नगरच्या दूधवाल्या शेतकऱ्याला दोन हंगामांत एका नव्या किडीची ओळख करून घ्यावी लागली. ज्या किडींनी किंवा पक्ष्यांनी तिला खायला शिकायचं, त्यांना एवढा वेळ कुणी दिला नाही. जगभरच्या शासनांनी मिळून नेमलेल्या जैवविविधतेच्या मंचाने २०२३ साली या विषयावर अहवाल दिला. माणसाने एका प्रदेशातून दुसऱ्यात नेलेल्या सुमारे ३७,००० जाती त्यात मोजल्या आहेत. त्यांतल्या ३,५०० हून अधिक जाती उपद्रवी ठरल्या. नोंदल्या गेलेल्या जातिनाशांपैकी ६० टक्क्यांमध्ये अशा जातींचा वाटा आहे. ३७,००० पैकी ३,५०० म्हणजे दहातली एक. बाकीच्या नऊ मिरचीसारख्या किंवा एकदांडीसारख्या निभावून गेल्या. म्हणून सरसकट परकं ते वाईट म्हणणं चूक, आणि आलं ते आलं म्हणून स्वस्थ बसणं त्याहून चूक.

भुंगा, निवडुंग आणि टाकळा

मग हे गवत खाणारा सरकारी भुंगा सोडावा, असं सुचवलं जातं. यामागे एक जुनं यश आहे. फड्या निवडुंग हाही अमेरिकेचाच. एके काळी दख्खनच्या गावांभोवती त्याचं रान माजलं होतं. १९२६ साली श्रीलंकेतून त्यावर जगणारी एक पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड आणली गेली आणि थोड्याच वर्षांत निवडुंग आटोक्यात आला. तोच विचार गाजरगवताबाबत झाला. मेक्सिकोतला झायगोग्रामा नावाचा पट्ट्यांचा छोटा भुंगा बंगळूरला आणून १९८४ साली सोडला गेला. तो गाजरगवताची पानं अधाशासारखी खातो, झाडांच्या अक्षरशः काड्या करून टाकतो. कृषी विद्यापीठांनी तो वाटलाही.

तरीही रस्त्याच्या कडा पांढऱ्याच आहेत, कारण भुंग्याचं वर्ष आणि गवताचं वर्ष जुळत नाही. पावसाळ्यात तो जोमात असतो. पाऊस सरला की मातीत शिरून पुढच्या पावसापर्यंत झोपतो. कोरडवाहू माळावर हे चालून जातं. पाटाच्या कडेला मात्र दिवाळीनंतर उगवलेलं गवत निर्धास्त फुलतं, कारण खाणारा झोपलेला असतो. आपण पाणी आणून गवताला जी जास्तीची पिढी दिली, ती भुंग्याच्या हिशोबात नव्हतीच. तणनाशकाची गत वेगळी नाही. फवारलेली पट्टी पंधरा दिवसांत पिवळी पडते, उघडी होते, आणि उघडी जमीन हीच तर गाजरगवताची आवड. शिवाय त्या फवाऱ्यात हरळीही मरते, आघाडाही मरतो. ज्यांनी जागा धरून ठेवली असती, ते आधी जातात.

तिसरा उपाय स्पर्धेचा. टाकळ्याचं बी पेरावं, तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो, असं तणसंशोधक सांगतात, आणि यात तथ्य आहे. याच विचाराने धारवाडकडच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात टाकळ्याच्या एका अमेरिकी बहिणीचा पुरस्कार केला. ती खरोखरच वाढली. पुण्या-सोलापूरकडे अनेक माळांवर तिने गाजरगवताला मागे सारलं आणि स्वतः पसरली. आज तीही आक्रमक वनस्पतींत गणली जाते. मला हे उदाहरण सगळ्यांत बोलकं वाटतं. एक पाहुणा हाकलला, जमीन तशीच ठेवली, तर दुसरा येऊन बसला.

पडीक हा शब्द

जमीन तशीच का राहते, हे शोधत गेलं की आपण कागदापाशी पोचतो. नेवासे तालुक्याचा बराच भाग माळढोक अभयारण्यात होता. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या तालुक्यांचं मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य जाहीर झालं, त्यात कर्जत आणि श्रीगोंद्याबरोबर नेवासे होतं. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. एवढ्या मोठ्या पक्ष्याला लागणारं कुसळी, पवना, मारवेल यांचं उघडं गवती रान इथे होतं, असा त्या जुन्या सीमेचा अर्थ. पण महसुलाच्या आणि वनखात्याच्या नोंदीत माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की काहीतरी लावायलाच हवं. मग लवकर वाढणारी झाडं आली, सुबाभूळ, गिरिपुष्प, वेडी बाभूळ. उरळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी सुबाभळीचा प्रसार केला तो गरिबाच्या शेळीला चारा आणि चुलीला लाकूड मिळावं म्हणून. त्या हेतूबद्दल आदरच वाटतो. पुढे हीच सुबाभूळ जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी जातींच्या यादीत गेली. वेड्या बाभळीच्या गोड शेंगा शेळ्या आणि गुरं आवडीने खातात, बी शेणातून अखंड बाहेर पडतं आणि उलट लवकर रुजतं.

वेडी बाभूळ उपटली तर गरिबाने जाळायचं काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि गॅसच्या टाकीचा दर पाहता त्याला उडवून लावता येणार नाही. पण त्याच गरिबाची शेळी ज्या गवतावर जगत होती ते गवतही या बाभळीखाली गेलं, हा हिशोबही मांडायला हवा. ज्या गावात गायरान वापरात आहे, कोणत्या महिन्यात कुणी किती गुरं सोडायची हे ठरलेलं आहे, तिथे लाकूडही मिळतं आणि चाराही. उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी केली, गवत उभं राहू दिलं आणि विळ्याने कापून न्यायची मुभा दिली. तिथे कुणी गाजरगवताविरुद्ध मोहीम काढली म्हणून जमीन झाकली गेली असं झालं नाही. जमिनीला नियम मिळाला, नियमाला राखणारे मिळाले, गवत पाठोपाठ आलं. क्वीन्सलँडच्या पशुपालकांचा अनुभवही तोच: चराई आवरून कुरणाचं गवत दाट ठेवलं, की गाजरगवताला फट मिळत नाही.

घोडेगाव हिवरे बाजार नाही, हे खरं. बाजाराचं, महामार्गाचं, वर्दळीचं गाव बंद ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. पण बाजारतळाची कडा, शाळेचं कुंपण, चारीचा भराव, स्मशानभूमीची वाट या जागा मोजक्या आहेत. त्या कुणाच्या, हे ग्रामसभेत नावानिशी ठरू शकतं. चारीच्या भरावावरचं मारवेल किंवा पवना कापून नेण्याचा हक्क एखाद्या बचत गटाला मिळाला, तर त्या गटातल्या बायकाच तिथे गाजरगवत वाढू देणार नाहीत, कारण ते त्यांच्या म्हशीच्या तोंडचा घास खातं. पैसे कुठून आणायचे, असं लगेच विचारलं जाईल. रस्त्याच्या कडा दरवर्षी यंत्राने खरडण्यावर जो खर्च होतो, त्यातूनच जमीन पुन्हा उघडी पडते. तोच पैसा गवताचं बी पेरून दोन पावसाळे राखण करायला वळवता येईल.

आणि वेळेचं भान. गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह देशभर १६ ते २२ ऑगस्टला होतो. शाळेची मुलं ओळीने उभी राहतात, गवत उपटलं जातं, फोटो निघतो. मृगावर उगवलेलं गवत तोवर फुलून, बी धरून बसलेलं असतं. उपटताना ते झडतं आणि मुलांच्या हातांना खाज सुटते ती वेगळीच. हेच काम आषाढात, पाऊस पडून जमीन भुसभुशीत असताना, फुलं येण्याआधी, हातात मोजे घालून मोठ्यांनी केलं, तर उपटलेल्या गवताचं खतही होतं. पाटाच्या कडेला तेच दिवाळीनंतर पुन्हा करावं लागेल, भुंगा झोपलेला असताना. पत्रीसाठी आघाडा आणि दूर्वा शोधायला पोरी श्रावण-भाद्रपदात निघतात. पूर्वी परसाच्या मागच्या कुडापाशी जे मिळायचं, त्यासाठी आता त्या गाजरगवत दोन्ही हातांनी बाजूला सारत पाणंदीने शेताच्या बांधापर्यंत जातात.